प्रणाली आणि शेजारचा प्रेस

प्रणाली गाणं ऐकवायची तेव्हा तुमच्या तोंडाकडे बघायची नाही, पायाकडे बघायची. पहिल्या दिवशी मला वाटलं, माझ्या चपलेचा अंगठा तुटलाय म्हणून बघतेय. मी पाय आत घेतला. तर म्हणते कशी, "मावशी, पाय राहू द्या बाहेर. तोंड समोरच्याचं मन राखतं, पाय नाही राखत."

चाकणला माझी खानावळ आहे आणि वर चार खोल्या भाड्याने दिलेल्या आहेत. त्यातल्या कोपऱ्यातल्या खोलीत ही तीन वर्षं राहिली. अहमदपूरकडची पोर, डिप्लोमा झालेली, कंपनीत क्वालिटीला. दिवसभर गेज घेऊन पार्ट तपासायचे आणि शिफ्ट सुटली की स्वतः जोडलेल्या कॉम्प्युटरवर गाणी करायची. गाणी म्हणजे ट्रान्स. आता मला तरी कुठं ठाऊक होतं ते काय असतं! सात मिनिटं वाजतं, शब्द एक नाही. पहिल्यांदा ऐकताना मी आपली वाट बघत बसले. शेवटी विचारलं, "गाणारी कधी येणार गं?" ती इतकी हसली की ठसका लागला. "कुणी येत नाही मावशी. ऐकणाऱ्यानंच आत जायचं."

त्या गाण्यात मध्येच ठेका थांबतो आणि नुसते सूर हळूहळू वर चढत जातात. तिच्या कंपनीच्या बसचे ड्रायव्हर बाळूभाऊ माझ्याकडेच जेवायचे. ते तिथं हमखास फसायचे.

"ताई, बंद पडलं बघा तुमचं."

"थांबा भाऊ, यायलंय."

मग ठेका धाडकन यायचा आणि टेबलाखाली बाळूभाऊंचा पाय सुरू. एकट्या बाळूभाऊंचाच कशाला, खानावळीत तिचं गाणं लागलं आणि पाय हलले नाहीत असं कधी झालंच नाही. चपात्या लाटणाऱ्या बायकासुद्धा मान डोलवायच्या.

बाहेर मात्र कुणाचं काही हलत नव्हतं. असली गाणी काढणाऱ्या कंपन्या असतात, बहुतेक परदेशातल्या. दोन वर्षांत तिने त्यांना अकरा गाणी पाठवली. कुणी उत्तरच दिलं नाही, कुणी दोन ओळींत नको म्हटलं. दर वेळी ती "अजून कच्चं हाय मावशी" म्हणायची आणि जिना चढून वर जायची. अकराव्या नकाराला मात्र ताटात अर्धी भाकरी तशीच ठेवली. म्हणाली, "बारावं पाठवलंय. ते परत आलं की कॉम्प्युटर विकून टाकणार. हौस होती, झाली."

बाराव्याला हॉलंडहून उत्तर आलं. तिने मला मराठीत सांगितलं ते असं: सूर आवडला, पण गाणं खालून पोकळ आहे. खालचा जड आवाज, पोटात जाणवतो तो, नाहीच. शुक्रवारपर्यंत दुरुस्त करून पाठवलं तर पुन्हा ऐकू.

"कुठं पोकळ हाय?" ती कासावीस झाली. खानावळीत पुन्हा पुन्हा लावलं. बाळूभाऊ म्हणाले, "पोटात घुमतंय की राव. त्या लोकांचे कान तपासा." बुधवारपर्यंत तिचंही तेच मत झालं होतं.

गुरुवारी आमच्याकडे कारखान्यांना सुट्टी. शेजारी, भिंतीला भिंत लावून, दत्ताभाऊंचं शॉप आहे. पत्र्यातून पार्ट कापायचा मोठा पॉवर प्रेस, इतर दिवशी सकाळपासून रात्रीपर्यंत धाडधाड चालतो. गुरुवारी तोही बंद, आणि बहुतेक गुरुवारी लाइटही बंद. त्यामुळे प्रणालीचा कॉम्प्युटर गुरुवारी असा कधी चाललाच नव्हता. त्या दिवशी लाइट राहिली. मी तिच्या दारात लसूण सोलत बसले होते. तिने गाणं लावलं.

"आज काय झालं गं याला? उपाशी वाटतंय," मी म्हटलं.

"कालचंच हाय मावशी."

"छे. काल याला वजन होतं."

 ती उठली आणि भिंतीला हात लावला. भिंत गप्प होती.

झालं होतं असं की, गाण्याचा खालचा आवाज तिने जेवढा कमी वाटला तेवढाच टाकला होता. बाकीचा दत्ताभाऊंचा प्रेस घालत होता, फरशीतून आणि भिंतीतून. आमचे सगळ्यांचे पाय दोन वर्षं प्रेसवर हलत होते. हॉलंडला प्रेस कुठून जाणार?

मला वाटलं आता रडते. ती खाली बसली, बोटं मोडली आणि म्हणाली, "म्हणजे मावशी, सूर बरोबर हायेत."

कामाला लागली तोच सकाळी अकराला लाइट गेली. उद्या शुक्रवार, प्रेस पुन्हा सुरू. माझ्या लेकीने चऱ्होलीला फ्लॅट घेतलाय, तिथं अजून कुणी राहायला गेलं नव्हतं, पण लाइट होती. किल्ली माझ्याकडे. कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळला, रिक्षात मांडीवर घेतला आणि निघालो. रिकाम्या खोलीत आवाज घुमायला लागला तशा आम्ही गोधड्या भिंतीला टांगल्या. मग ती हळूच म्हणाली, "मावशी, आता जरा बोलू नका." मी सात तास बोलले नाही. घरी हे कुणाला अजून पटत नाही. अंधार पडता पडता तिने गाणं पाठवलं. मी विचारलं, "पिकलं का?" तर म्हणते, "कच्चंच हाय. पण आता माझं हाय."

दोन आठवड्यांनी होकार आला. गाणं जगभर निघालं तेव्हा ही पहिल्या शिफ्टला होती, मोबाइल गेटवर जमा. चारला बसमधून उतरली ती धावतच आली. बाळूभाऊंनी मंडळाचा मोठा स्पीकर आणून ठेवला होता. शेजारी प्रेस धाडधाडत होता. मी दत्ताभाऊंकडे गेले. "सात मिनिटं मशीन बंद ठेवा."

"वहिनी, ऑर्डर अर्जंट आहे हो."

"तुमच्या मशीनने पोरीचं गाणं दोन वर्षं खाल्लंय. सात मिनिटं द्या."

त्यांना काही कळलं नाही, पण प्रेस थांबवला आणि तेलकट हात पुसत स्वतःच ऐकायला आले. गाणं सुरू झालं. मध्ये ठेका थांबला, सूर चढत गेले. प्रणाली कुणाच्या पायाकडे बघत नव्हती, डोळे मिटून उभी होती. मग ठेका आला. फरशी हादरली, टेबलावरचे पेले एकमेकांना लागले.

दत्ताभाऊ गर्रकन मागे वळले आणि आपल्या शॉपकडे बघून ओरडले, "अरे, प्रेस कुणी चालू केला?"