किसनचे दात पडले आणि शंकरची नाडी शांत झाली

मंडळी, आपल्या किसन पहिलवानाचा जबडा मोडलेला नाही, पण पुढचे दोन दात गेले. तासाभरापूर्वी डॉक्टरांनीच मला सांगितलं, म्हणून आज तालमीच्या फळ्यावर हेच लिहितोय.

सकाळी उस्ताद एकेकाला मातीत निजवून मनगट धरत होते. आधी निवांत नाडी, मग बैठकांनंतरची, आणि आकडा सगळ्यांना ऐकू जाईल असा सांगायचा, ही आपली रीत. शंकर निजला. किल्लीच्या घड्याळाकडे पाहत उस्ताद ओरडले, "अठ्ठ्याऐंशी!"

किसन हसला. "निजल्या-निजल्याच धापा टाकून राहिला बे! अड्याळच्या कुस्त्यांच्या दंगलीत तुले खाटेवर नेऊ का?"

शंकर उठला आणि त्याने किसनच्या तोंडावर डोकं हाणलं. किसन पडला, मातीत रक्त सांडलं, तरी त्याच्या छातीवर बसून शंकर ठोसे मारतच होता. चौघांनी त्याला ओढून पालथं दाबलं.

किसनला रिक्षातून नेल्यावर उस्तादांनी पुन्हा शंकरचं मनगट धरलं. या वेळी ते ओरडले नाहीत. हळूच मला म्हणाले, "साठ. आता कशी निवांत चालून राहिली, भाऊ."

मेहनतीनंतर विसावणारं काळीज आपण रोज पाहतो. माणूस फोडून विसावलेलं मी आज पाहिलं.

उद्या सकाळी उस्ताद किसनला समोर बसवून शंकरची नाडी मोजणार आहेत. अड्याळला शंकरने जायचं की नाही, ते त्यावर ठरेल.

तेव्हाही साठच भरली, तर तुम्ही त्याला पाठवाल?