घराच्या कागदावरचं दुसरं नाव

डोरीन विशनेस्की आणि मी एरी गावात अठरा वर्षं शाळेच्या बस चालवल्या. तिची चौदा नंबर, माझी पंधरा. कोणावर पटकन विश्वास टाकणारी बाई ती नव्हेच. पहिल्या नवऱ्याने तिची गाडी परस्पर विकून ट्रक घेतला आणि त्याच ट्रकमध्ये बसून तो दुसरीकडे राहायला गेला. तेव्हापासून डोरीन दुकानातसुद्धा अंड्यांचा डबा उघडून एकेक अंडं उचलून बघायची.

ग्लेन हॅस्केट तिच्याकडे आला तो घर गरम करणारी भट्टी दुरुस्त करायला. बोलायला कमी, कामाला नेटका. पुढे सात वर्षं दोघं भाड्याच्या घरात एकत्र राहिले. लग्नाचा विषय निघाला की डोरीन म्हणायची, "एकदा केलंय. चव माहीत आहे."

मग एकोणतिसाव्या रस्त्यावरचं एक विटांचं घर विकायला निघालं. पुढे ओटा, मागे सफरचंदाचं झाड. दोघांच्या नावावर घ्यायचं ठरवून ते पतसंस्थेत गेले. तिथल्या ट्रास्कबाईंनी संगणकावर बघितलं आणि चष्मा काढला.

"दोघांनी मिळून कर्ज मागितलं तर ज्याचा कर्जफेडीचा स्कोअर कमी, त्याचाच आम्ही धरतो. तुमचा सातशे एकेचाळीस आहे. ह्यांचा पाचशे अठ्ठेचाळीस."

ग्लेन टोपीची कड बोटांत फिरवत बसला.

"हे कधीपासून?" डोरीनने विचारलं.

"जुनं आहे. बघतो मी," तो म्हणाला, आणि टोपी घालून उठला.

दुसऱ्या दिवशी डेपोत तिने पतसंस्थेने दिलेला त्याच्या कर्जांचा रिपोर्ट माझ्यापुढे टाकला. फर्निचरच्या दुकानाचं एक कार्ड, फोनची दोन खाती, सगळी चार वर्षांपूर्वी उघडलेली, सगळ्यांचे हप्ते चुकलेले. पत्ता होता राज्याच्या सीमेपलीकडचा, ॲश्टाब्युलाचा.

"चार वर्षांपूर्वी हा माझ्या घरात राहत होता," ती म्हणाली. "आणि सोफा ॲश्टाब्युलात कुणासाठी घेत होता?"

"विचार की त्याला."

"विचारलं की माणूस सावध होतो."

तिने विचारलं नाही. बघायला लागली. महिन्याच्या पहिल्या रविवारी ग्लेन रॉजर नावाच्या मित्राकडे मासे धरायला जायचा. रॉजरचं घर बारा मैलांवर. त्या रविवारी ट्रक निघण्याआधी आणि परत आल्यावर डोरीनने त्यातला मैलांचा आकडा बघितला. शहाण्णव मैल झाले होते. ॲश्टाब्युलाला जाऊन यायला तेवढेच लागतात.

मंगळवारी सकाळची फेरी संपल्यावर ती तिकडे निघाली. मी म्हटलं, एकटी जाऊ नकोस, आणि तिच्या गाडीत बसले. वाटेत ती एवढंच म्हणाली, "तरुण असली तर मी काही बोलणार नाही. माझ्या वयाची असली तर बोलेन."

रेल्वे यार्डाजवळ बुटक्या घरांची रांग होती. बेल वाजवली. दार साखळीएवढंच उघडलं आणि फटीतून म्हातारा आवाज आला, "बँकेकडून आलात का?"

"नाही."

"मग दुकानाकडून?"

"मी ग्लेनबरोबर राहते," डोरीन म्हणाली.

"माझा नवरा वारलाय बाई, नऊ वर्षं झाली."

"मग ग्लेन तुमचा मुलगा का?" नाव आणि वय जुळवून डोरीनने विचारलं.

साखळी निघाली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, पायांत लोकरी सपाता. तिचं नाव लॉइस. आईशी काही संबंध उरला नाही, असं ग्लेनने डोरीनला सांगितलं होतं.

"म्हणजे बस चालवणारी ती तूच," लॉइस म्हणाली. "तू सगळं तपासतेस म्हणाला होता तो."

डोरीनने आधी बाथरूम कुठे आहे ते विचारलं. एकच टूथब्रश आहे, एकच टॉवेल आहे, हे बघून आली, मग बसली. खिडकीपाशी भलीमोठी आरामखुर्ची होती. लॉइसने बटण दाबून दाखवलं. खुर्चीने तिला हळूहळू उचलून उभं केलं.

"गुडघे गेलेत माझे. ही नसती तर जमिनीवरच पडून राहिले असते. नवऱ्याचं नाव ग्लेन हॅस्केट, मुलाचंही तेच. कार्डाच्या आणि फोनच्या फॉर्मवर तेच लिहिलं. खोटं कुठे लिहिलं मी?"

"आणि सरकारी ओळखीचा नंबर कोणाचा लिहिलात?"

"पाठ होता तो."

"मुलाचा?"

"मीच वाढवलाय त्याला. मला त्याचा पाठ नसणार तर कोणाला? तो येतो दर महिन्याला, थोडंथोडं भरतो. तोंडातून शब्द काढत नाही. तू काढणार का?"

परतताना डोरीनने गाडी हमरस्त्याला लावली. मग म्हणाली, "बाईच निघाली शेवटी."

त्या संध्याकाळी तिने ग्लेनला विचारलं. तो नाकारत बसला नाही. "हे माझ्या नावावरून काढायचं तर पोलिसांत जाऊन आईचं नाव लिहून द्यावं लागतं. मी नाही देणार."

"मला सांगायचं तरी होतंस."

"सांगितलं असतं तर तू खरं मानलं असतंस?"

डोरीन रिपोर्ट पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागली.

ट्रास्कबाईंनी वाट सुचवली. कर्ज एकट्या डोरीनच्या नावावर घ्यायचं. ग्लेनने आपली साठवलेली रक्कम तिला भेट म्हणून द्यायची आणि परत मागणार नाही असं लिहून द्यायचं. मालकीच्या कागदावर मात्र दोघांची नावं घालता येत होती. ग्लेनने भेटीचा कागद न वाचताच सही केली. यानेही डोरीन अस्वस्थ झाली. "न वाचता कोण सही करतं? ज्याच्याकडे गमवायला काही नाही तोच ना?" त्यात तिच्या बहिणीने, मार्जने, फोनवर सांगितलं, "कर्ज तुझं आणि अर्धं घर त्याचं? वेडी आहेस का?"

सह्यांच्या दिवशी मालकीच्या कागदावर एकच नाव होतं, डोरीनचं. ग्लेनने ते बघितलं. पेन परत ठेवलं आणि म्हणाला, "चल, सामान हलवायचंय."

त्या घरात तो राहिला, भट्टी बदलली, छताची गळती काढली. पण हत्यारांच्या पेट्या ट्रकमधून उतरवल्या नाहीत. बर्फ पडायला लागला तरी रोज सकाळी गोठलेले लोखंडी पाने हातात घेऊन काम करायचा. डोरीन संध्याकाळी वळणावरून घराकडे बघायची, ट्रक उभा आहे की नाही. तो निघून जाईल असं तिला रोज वाटायचं, आणि ही भीती आपणच घरात आणली हेही कळत होतं.

चौदा महिन्यांनी तिने विचारलं, "हत्यारं तळघरात का नाही लावत?"

"तळघर तुझं आहे," तो म्हणाला. रागाने नाही, साधेपणाने.

त्या आठवड्यात ती घरांच्या नोंदी होतात त्या कोर्टाच्या इमारतीत गेली. त्याचं नाव चढवायचं म्हटल्यावर खिडकीवरच्या मुलीने विचारलं, "तुमचे कोण लागतात?"

"एका घरात राहतो," डोरीन म्हणाली. परक्या माणसाला अर्धं घर दिलं तर कर बसतो, नवऱ्याला दिलं तर नाही, असं त्या मुलीने समजावलं आणि लग्नाच्या परवान्याची खिडकी वरच्या मजल्यावर आहे असंही सांगितलं.

"लग्न करू या, कर वाचवायचाय," असं तिने ग्लेनला घरी सांगितलं. "असं असेल तर करू," तो म्हणाला. अर्जानंतर तीन दिवस थांबावं लागतं. त्या तीन दिवसांत डोरीनने मला आठ वेळा फोन केला, दर वेळी वेगळी शंका घेऊन. चौथ्या दिवशी दोन्ही फेऱ्यांच्या मधल्या वेळात लग्न झालं. साक्षीदार मी होते. दुपारी अडीचला ती बसवर हजर होती. पुढच्या आठवड्यात घराच्या कागदावर त्याचं नाव चढलं आणि हत्यारांच्या पेट्या तळघरात गेल्या.

ग्लेनने पोलिसांत तक्रार केली नाहीच. लॉइस मागच्या हिवाळ्यात वारली. राहिलेले हप्ते तो भरतोय, स्कोअर सहाशेच्या वर आलाय. डोरीन दर तीन महिन्यांनी त्याचा रिपोर्ट मागवते. फरक इतकाच, की आता त्याला शेजारी बसवून, ओळ न ओळ मोठ्याने वाचते, आणि कुठे अडलं तर त्यालाच विचारते.