काकांची उंची

माझ्या काकांना बैलांच्या दमणीत बसलं तरी मळमळायचं. कारंज्याच्या बाजाराला ते बैलांच्या पुढं पायी चालत जात. असा माणूस लढाईच्या काळात बॉम्ब टाकणाऱ्या विमानात बिनतारी यंत्रावर बसतो, हे आमच्या गावात, इंझोरीत, कुणाला खरंच वाटत नव्हतं. मग तार आली. ब्रह्मदेशात रात्रीच्या हल्ल्याला गेलेलं विमान परतलं नाही, काका बेपत्ता.

बेपत्ता म्हणजे मेला नव्हे, हे काकूनं धरून ठेवलं आणि कुंकू पुसलं नाही. हळदीकुंकवाला तिला बोलवावं तरी पंचाईत, न बोलवावं तरी पंचाईत. शेवटी बायकांनी बोलवणंच सोडलं. त्या बायकांचा मला अजून राग येतो.

लढाई संपली. जपान्यांनी धरलेला शेजारच्या गावचा एक शिपाई जिवंत घरी आला, तेव्हा काकूनं आमचं अंगण सारवून ठेवलं. काका काही आले नाहीत.

आमच्याकडं बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहतात. मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. आजोबांना दम्यानं गाठलं होतं, त्यांना तेवढा धीर नव्हता.

"माह्या हातानं पोराले अग्नी देऊन जातो," ते म्हणाले.

काकू सासऱ्यांपुढं कधी बोलत नसे. त्या दिवशी बोलली. "मामाजी, तुमाले घाई असन, मले नाही. माह्या कुंकवाचा निकाल पानाइनं कायले लावता?"

आजोबांनी ऐकलं नाही. भटजी आले. वडिलांनी पानं आणली, आजोबांनी स्वतः पुतळा बांधला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला. काकू आत दार लावून बसली होती. पुतळा उचलायची वेळ झाली, तेव्हा ती बाहेर आली आणि त्याच्याकडं बघत उभी राहिली.

"हे कोन होय?" ती म्हणाली. "ते एवढे बुटके होते काय? चौकटीले डोकं लागे त्याइचं."

मुलगा म्हटलं की आजोबांना बहुधा शाळकरी पोरच दिसत असावं.

काकू खाली बसली. पायाकडची सुतळी सोडून उरलेली पानं तिनं जोडायला घेतली. मधूनच उठायची, चौकटीशी जाऊन हात वर करून माप बघायची, परत येऊन बांधायची. पुतळा मनासारखा झाला, तेव्हा तिनंच पदरानं कपाळ पुसलं.