दोरीतली एक जास्तीची गाठ

आमच्या गावापासून दोन कोसांवर एक लहान स्टेशन होते. आता तिथे गाडी थांबत नाही. तिकिटाच्या खिडकीला फळी ठोकली आहे, फलाटावर लोक तूर झोडपतात. ते बंद का झाले असे कुणी विचारले की मी लढाईचे आणि कोळशाच्या टंचाईचे कारण सांगतो. पण मला आठवते ते वेगळेच, आणि ते नीट सांगता येईल की नाही, कोण जाणे.

आमच्यात मजुरीला परगावी जाणारा माणूस दोन दोऱ्यांना सारख्याच गाठी मारतो. एक दोरी त्याच्याजवळ, दुसरी घरी. रोज सकाळी दोन्हीकडे एकेक गाठ सोडायची. शेवटची सुटली की त्या दिवशी घरच्यांनी स्टेशनावर जायचे.

त्या वर्षी बा सुरतेकडे गवत कापायला गेला होता. मी मराठी सातवीत होतो, घरात वाचता येणारा एकटाच. दिवाळीच्या सुटीत स्टेशनाच्या भिंतीवर मी नोटीस वाचली: येत्या एक तारखेपासून येथे गाडी थांबणार नाही. घरी येऊन सांगितले.

आईने दोरी पुढे केली. "ती तारीख कितव्या गाठीला येते?"

आज कोणती तारीख, हेच मला ठाऊक नव्हते. परत जाऊन स्टेशनमास्तरांना विचारायची लाज वाटली.

"शेवटच्या गाठीनंतर," मी म्हणालो. खरे सांगितले असते तर सुरतेकडे निघालेल्या मजुरांच्या टोळीबरोबर निरोप धाडता आला असता.

शेवटची गाठ सुटली त्या दिवशी आई आणि मी स्टेशनावर गेलो. गाडी तिथे जेमतेम थांबायची, म्हणून आमचे लोक ती थांबण्याआधीच गाठोडे खाली टाकत. बाने तसेच टाकले. गाडी मात्र थांबली नाही. दारात उभा असलेला बा आमच्यासमोरून पुढे निघून गेला.

"उडी तर मारणार नाही ना तो?" आई म्हणाली. रुळांकडे बराच वेळ पाहून तिने रिकाम्या दोरीला पुन्हा एक गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बा रुळाच्या कडेने चालत आला, पाय सुजलेले. "गाडी मला विसरली की काय?"

"गाडी नाही, तुझा शिकलेला पोरगा तारीख विसरला," आई म्हणाली.

बाने गाठोड्याकडे पाहिले. "हे तरी वेळेवर उतरलं."

आईने ती गाठ सोडली.

गेल्या सुटीत कॉलेजातून घरी आलो तेव्हा आईला सांगितले, की मी विसरलो नव्हतो, मला तारीख माहीतच नव्हती.

"कळलं होतं मला," ती म्हणाली. "तू खाली बघून बोललास. पण वाचणारा तू एकटाच होतास, दुसऱ्या कुणाला विचारायचं?"