जोडीचं ऑपरेशन

सरलाबाईला एकटीनं काही करायची सवयच नव्हती. अमळनेरकडच्या खेड्यातून सुपडूच्या मागं सुरतेला आली. लिंबायतच्या खोलीत तो माग चालवायचा, ती कांड्या भरायची. पुढं धर्मेंद्र झाला, स्वतःचे बारा माग झाले आणि दोघं जोडीनंच फुगले. सत्यनारायणाला बसले की दोन पाट पुरायचे नाहीत, भटजी सरकत सरकत दारात जायचा.

नव्याण्णव साली मात्र जीवावर बेतलं. हिची साखर तीनशेच्या वर, पायाच्या बोटाला चिमटा काढला तरी कळेना. तो दुपारी घोरायला लागला की मधेच श्वास अडकायचा. मुंबईहून महिन्यातून एकदा सुरतेला येणाऱ्या डॉक्टरनं दोघांना काट्यावर चढवलं, काटा बघून घोटभर पाणी घेतलं आणि कागदावर दोन पोटं काढली.

"हे पहिलं. पोटाच्या वरच्या अंगाला रबराचा पट्टा. चार घासांत पोट भरतं. ताटभर हाणणाऱ्याला हे बरं. गोडखाऊला उपयोग नाही, पेढा विरघळून खाली जातो. दुसऱ्यात पोट वाटीएवढं ठेवून आतडं वर जोडायचं. काम मोठं, पण साखर त्यानंच उतरते."

"दोन्हीस्ले एकच करी द्या," सरलाबाई म्हणाली. "जोडीनं."

"बाई, ही पूजा नाही. आठ दिवस काय खाता ते खरं लिहून आणा. मग ठरवू कोणाला कोणतं."

रिक्षात सरलाबाई हिशोब मांडायला लागली. सुपडू दोन वेळा मटण-भाकरी चेपणारा, गोडाला शिवत नाही. त्याला पट्टा मिळणार. आपण सकाळच्या जिलबीपासून संध्याकाळच्या घारीपर्यंत तोंड चालवणारी. आपल्याला ते दुसरं. म्हणजे तो एका वाटेनं, आपण दुसऱ्या. छे! तिनं तिथंच ठरवलं, आठ दिवस नवऱ्यासारखं खायचं. साखर गेली खड्ड्यात.

मग काय, सकाळी तोंड बंद. दुपारी कळण्याच्या चार भाकरी, वर लालभडक रस्सा. रात्री पुन्हा तेच. डोळ्यांतून धारा, कानांतून धूर.

"लिख वर्षा," सुनेला सांगायची, "गोड काहीच नही."

वर्षा दोघांच्या दोन वह्या लिहायची आणि पदर तोंडात कोंबून स्वयंपाकघरात पळायची.

तिसऱ्या दिवशी सरलाबाईनं डबा उघडला, तर पेढे साफ. घारी अर्धी.

"तू चोरीसन खास का वं?"

"मी नही आत्याबाई, देवनी आण!"

पलीकडं सुपडू भिंतीकडं तोंड करून बसला होता, गाल फुगवून.

आठ दिवसांनी डॉक्टरनं वह्या उघडल्या.

"सुपडूभाऊ, सकाळी सहा पेढे, दहाला जिलबी, अकराला जिलबी, संध्याकाळी घारी. सरलाबाई, मटण दोन वेळा, भाकरी आठ, गोड शून्य. म्हणजे वहीप्रमाणं भाऊंना मोठं ऑपरेशन, बाईंना पट्टा. मग बाईंची साखर तीनशे कशी?"

सरलाबाई नवऱ्याकडं वळली.

"धर्मेंद्रना बाप, तुम्ही घारी खादी?"

"खादी."

"तुम्हले तर गोडनी वकारी येस!"

"आठ दिवस वकारी वनी, तरी खादी. म्हटलं जे तुले, ते माले."

"आन मी तुमनं मटण खाई खाई मरी गयी!"

ती हसायला लागली ती थांबेचना. खुर्ची करकरली, टेबल हललं, कंपाउंडर धावत आला. डॉक्टरनं चष्मा काढून डोळे पुसले आणि वह्यांची पानं फाडली.

"आता खरं सांगा."

दोघांनी सांगितलं. ऐकता ऐकता डॉक्टरचं हसू गेलं.

"बाई, पट्ट्यानं तुमची साखर हलणार नाही. अशीच राहिली तर पाय गमवाल."

"मंग मालेभी मोठंच करा," सुपडू म्हणाला. "तिना जोडे."

"तुम्हाला गरज नाही. उगाच कशाला आतडं कापू?"

सरलाबाईनं आपल्या पायांकडं पाहिलं. बोटं हलवून बघितली. हलत होती, पण हलल्याचं कळत नव्हतं.

"यास्ले पट्टा बांधा," ती म्हणाली. "मोठं मी करसू."

"एकलीच?"

"पोट मनं, आतडं मनं. तुम्ही काय टेबलवर मधमां झोपतस?"

डॉक्टरनं फॉर्म पुढं केला. नवऱ्याला न विचारता तिनं सही केली. अक्षरं कागदभर लोळली, पण नाव पुरं लिहिलं.

"तारीख मनी पहिले टाका. मी पडी राहसू तवय हाई माणूस मना जोडे बठी. सुया, सलाईन, समदं देखी."

सुया ऐकताच सुपडूनं डोळे गच्च मिटले. खुर्ची ओढत तो डॉक्टरच्या जवळ सरकला.

"साहेब, पट्टा आजच नही का बांधता येत?"