बारा वाजायच्या आधी

लॅबच्या बाकावर माझ्या शेजारी एक वयस्कर जोडपं बसलं होतं. हातावर कापूस दाबून धरत काका रक्त घेणाऱ्या मुलीला सांगत होते, "रोज सोळा तास उपाशी राहतो मी. कोलेस्टेरॉल पार खाली आणलंय!"

"वा काका, मानलं तुम्हाला!"

काकूंनी पिशवीतून डबा काढला. काका खेकसले, "बारा वाजायच्या आधी मी खात नाही, माहीत आहे ना?" काकूंनी डबा परत आत ठेवला.

"तुम्ही तरी खा," मी म्हणाले.

"काल संकष्टी होती. चंद्रोदयानंतर सगळ्यांना वाढेपर्यंत माझी भूकच मेली. आता यांचं झालं की खाईन."

माझं डोकंच फिरलं. त्याच्या उपाशी राहण्याला घड्याळ आहे, रिपोर्ट आहे, शाबासकी आहे. हिच्या पोटात कालपासून अन्न नाही, हे घरात कुणाच्या लक्षातही नाही. माझ्या आईलाही "तू जेवलीस का?" असं आम्ही कधी विचारलं नव्हतं.

"काकू, तुमचंही तपासायचं का?" मुलीने विचारलं.

"मला काय धाड भरलीय?" म्हणत काकू उठल्या आणि घेरी येऊन भिंतीला टेकल्या.

काका घड्याळ बघत होते.