मोत्याखालचा बोंबील

"स्क्रीन पुसा रे कुणीतरी. वास येतोय," सर म्हणाला आणि अख्खा वर्ग हसला. स्क्रीनवर माझं चित्र होतं. तोंडावर त्याला मी अहोजाहो करायचे. इथे करणार नाही.

पनवेलमधला ॲनिमेशनचा क्लास. फोनला अजून बटणं होती तेव्हाची गोष्ट. कॉम्प्युटरवर रंगवायला शिकताना एक सराव असतो. एकच गोळा नऊ वेळा काढायचा, आणि दर वेळी तो वेगळ्या वस्तूचा वाटला पाहिजे. काच, पितळ, रेशीम, संगमरवर. आठ सरने ठरवलेले, नववा आपल्या मनाचा. कुणी सोनं काढलं, कुणी हिरा, एकाने बापाच्या नव्या गाडीचा पत्रा. मी करंजाच्या कोळीवाड्यातली. आई बोंबील विकते, उरलेले सुकवते. मी गोळ्याला ताज्या बोंबलाचं कातडं चढवलं.

ते सोपं नसतं. उजेड त्याच्यावर थांबत नाही. आत शिरतो आणि जरासा गुलाबी होऊन बाहेर येतो. चार दिवस घासले मी. सरला फक्त वास आला. हाच माणूस दर रविवारी हॉटेलात बोंबील फ्राय हाणायचा आणि सोमवारी वर्गात त्याचं कौतुक सांगायचा. तळलेला चालतो. विकणारीची पोर चालत नाही.

मग जवळ येऊन, मोठ्या मायेने म्हणाला, "प्रदर्शनाला मुंबईच्या स्टुडिओची माणसं येणार आहेत. जरा चांगल्या घरची दिस. वरून पांढरी चमक मार, मोती होईल. कुणाला कळणार नाही."

आणि मी मारली. सांगायची लाज वाटते, म्हणूनच सांगते. मला त्या स्टुडिओत नोकरी हवी होती. बोंबलावर वेगळा थर टाकला, हवा तेव्हा बंद करता येतो तसला, आणि त्यावर मोत्याची चमक. खाली नाव लिहिलं, 'मोती'. सरने पाठ थोपटली. मला बरं वाटलं. थू माझ्यावर.

प्रदर्शनाला आई आली. बाजार उरकून, धुवट लुगडं नेसून. सर आणि स्टुडिओवाले शेजारीच उभे होते. आईने स्क्रीनवरच्या गोळ्यावर बोट ठेवलं.

"बाय, ह्यो बोंबील हाय ना? ताजा हाय. पन याला चुना कोनी फासला?"

"मावशी, मोती आहे तो," सर म्हणाला. "मोत्यातलं तुम्हाला..." पुढचं बोलायची त्याला गरज वाटली नाही. स्टुडिओवाले हसले.

आईने त्याच्याकडे बघितलंही नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. उत्तर तिला माझ्याकडून हवं होतं.

"मीच फासला, आये."

माऊस घेतला आणि तो थर बंद केला. एका क्लिकचं काम. मोती गेला. खाली माझा बोंबील होता, ओला, तसाच. नाव खोडून नवं लिहिलं: ताजा बोंबील, करंजा.

"नोकरीवर पाणी सोडतेस," सर कानाशी पुटपुटला.

"सोडलं," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

स्टुडिओवाले पुढच्या स्क्रीनकडे गेले. नोकरी दुसऱ्याला मिळाली, गाडीच्या पत्र्याला. मोत्याचा थर मी त्याच दिवशी फाइलमधून कायमचा काढून टाकला. त्यानंतर जिथे जिथे काम मागायला गेले, तिथे सगळ्यात आधी तोच गोळा समोर ठेवला. अजून ठेवते. ज्याला वास येतो, त्याच्याकडे मी काम करत नाही.